बिनतारखेची जोडी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक घंटा आहे. वाटीएवढी, पितळेची. ती आमची नाही, सभागृहाची आहे. आमदार निवासातल्या प्रत्येक घरात तशी एक आहे. सभागृहात एखाद्या प्रश्नावर आवाजी मतानं भागलं नाही आणि डोकी मोजायची वेळ आली, की तिथे बटण दाबतात आणि इथे सगळ्या घरांत एकदम घंटा वाजते. मग आमदार असेल तसा धावत सुटतो. जिना, रस्ता, पुन्हा पायऱ्या. मतदानाच्या लॉबीचं दार बंद व्हायच्या आत पोचलं तर मत, नाहीतर हात हलवत परत.

माझी बायको जवळजवळ चाळीस वर्षं त्या घंटेला बांधलेली होती. "आईला दोन लेकरं," आमची मुलगी म्हणायची. "एक मी, एक ती घंटा. आणि लाड घंटेचे."

मी शिंपी आहे. लग्न झालं तेव्हा गावात माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन आणि एक बाक. ती पोस्टात होती. गावाबाहेर दगडाच्या खाणी. दगड संपला की मालक यंत्रं उचलून पुढे जायचे, खड्डा तसाच राहायचा आणि त्यात पाणी भरायचं. वरून बघितलं तर हिरवं, शांत पाणी, आणि काठ सरळ तुटलेला. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली दोन भावंडं त्यात गेली. धाकट्याला वर काढलं तेव्हा ती तिथे होती. घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "अहो, त्या खड्ड्याला कुंपण का नाही?"

मी म्हटलं, "तसा कायदा नाही म्हणून."

"मग तो करायला कुठे जावं लागतं?"

एवढ्यावरून ती निवडणुकीला उभी राहिली. लोकांनी चेष्टा केली, शिंप्याची बायको निघाली राज्य करायला. ती सभेत सांगायची, "सरकार फाडतं आणि माझा नवरा शिवतो. तेव्हा आता फाडणाऱ्याच्या घरात आपलं कोणीतरी पाहिजे." लोक हसले आणि हसता हसता मतं देऊन गेले.

त्यानंतर ती एकदाच पडली, बाकी दर वेळी निवडून आली. मंत्री मात्र झाली नाही. दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा तिनं विचारलं, "कुंपणाचं काय?" आणि दोन्ही वेळा दुसऱ्याला मंत्री केलं. दर वर्षी ती तेच अशासकीय विधेयक मांडायची. बंद पडलेल्या खाणीला मालकानं कुंपण घातलंच पाहिजे, एवढंच त्यात होतं. कधी ते मतदानात पडायचं, कधी चर्चेला येता येता अधिवेशन संपायचं. खाणमालक सगळ्या पक्षांत होते.

पडली ती पाच वर्षं आम्ही गावी राहिलो. तिथे घंटा नव्हती. तरी कधी कधी ती जेवता जेवता उठायची, दारापर्यंत जायची आणि कडीला हात लावून उभी राहायची.

"काय गं?"

"काही नाही. वाजल्यासारखं वाटलं."

म्हातारपणी उलटं झालं. घंटा वाजायची आणि तिला ऐकू यायची नाही. डावा कान गेला, मग उजवा अर्धा. माझी मोठ्यानं मारलेली हाक तेवढी पोचायची. सभागृहात ती कानाला यंत्र लावायची, घरी आली की काढून डबीत ठेवायची. म्हणून घंटेचं काम माझ्याकडे आलं. गावचं मशीन मी निवासात आणलं होतं, बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून शिवायचो. घंटा वाजली की पाय थांबवायचा आणि ओरडायचं, "वाजली गं!" की ती उठलीच. घास ताटात तसाच. खुंटीवरचं जाकीट घ्यायची. ते मी शिवलेलं, आतून खोल खिसा, कागद ठेवायला. डावा पाय ती किंचित घासायची, त्यामुळे एक पाऊल टक वाजायचं आणि दुसरं सर्र. टक, सर्र, टक, सर्र, कडी, दार, आणि गेली.

कधी तिला शंका यायची. मग येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहायची. "अहो, वाजली का?" मी नाही म्हटलं की परत जायची. राज्याचे कायदे करणारी बाई, पण उठायचं की बसायचं हे माझ्या शब्दावर होतं. मला त्याचा अभिमान होता.

आता जोडीचं सांगायला हवं. जोडी ही सभागृहातली जुनी रीत आहे. नियमात नाही, शब्दावर चालते. एका बाजूचा आमदार आजारी पडला, घरात काही झालं, तर समोरच्या बाजूचा एक जण त्याच्याशी जोडी बांधतो. तू येत नाहीस तोवर मीही मत देणार नाही. दोन्हीकडचं एकेक मत कमी, कोणाचं नुकसान नाही. अमुक तारखेपर्यंत असं ठरवतात आणि आपापल्या पक्षाच्या प्रतोदाला सांगून ठेवतात. तारीख उलटली की जोडी सुटली.

हिची जोडी कायम एकाच माणसाशी असायची. ते समोरच्या बाकावरचे, हिच्याइतकेच जुने, आणि स्वतः खाणमालक. ही त्यांना खडीसाहेब म्हणायची, ते हिला कुंपणबाई.

"काय कुंपणबाई, यंदा किती फूट उंच?"

"तुमची जीभ पलीकडे जाणार नाही एवढं."

हिचं विधेयक पाडण्यात ते सगळ्यात पुढे. पण आमची मुलगी लहानपणी आजारी पडली तेव्हा महिनाभर त्यांनी हिच्यासाठी मत दिलं नाही, स्वतःच्या पक्षाच्या शिव्या खाल्ल्या. मला ते दाजी म्हणायचे. हिला बहीण मानलं होतं असं नाही. भांडायला हक्काचं नातं पाहिजे, एवढंच.

त्या दोघांची जोडी बांधायची पद्धत वेगळी होती. ही दोन बोटांनी त्यांचं मनगट धरायची आणि म्हणायची, "बांधली." परत आली की मनगटावर टिचकी मारायची, "सोडली." आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, हा त्यांचा आपसातला कायदा.

जोडीत असली की ही घरी असायची. घंटा वाजली की मी सवयीनं ओरडायचो आणि ही सवयीनं उठायची. दारापर्यंत जायची, कडी काढायची, मग तिला आठवायचं. "अहो, मी जोडीत आहे ना!" कडी परत लावायची आणि येऊन जेवायला बसायची. चाळीस वर्षांत घंटेवरून ती माघारी फिरली ती तेवढ्याच दिवसांत.

शेवटच्या आजारात खडीसाहेब दवाखान्यात भेटायला आले. दारातूनच म्हणाले, "उठा कुंपणबाई, तुम्ही नाही तर भांडायला कोणी नाही. सभागृहात नुसती झोप येते." ती हसली. हात पुढे करून तिनं त्यांचं मनगट धरलं.

"बांधली. मी येईपर्यंत."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी तारीख विचारली नाही. मी शेजारीच होतो, मलाही सुचलं नाही. अशा खाटेशी उभं राहून तारीख कोण विचारतं?

त्याच आठवड्यात ती गेली.

मुलगी राहून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला. हे घर तसंही सोडायचंच आहे." अधिवेशन संपेपर्यंत मला मुदत दिली होती. मी म्हटलं, संपू दे, मग येतो.

अधिवेशन सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात, दुपारी मी मशीनवर बसलो असताना घंटा वाजली. पाय थांबला आणि तोंडातून निघून गेलं, "वाजली गं!"

बोललो आणि स्वतःशीच ओशाळलो. घरात कोणी नव्हतं ते बरं, असं वाटलं. तेवढ्यात आतल्या खोलीत खुर्ची मागे सरकली.

टक, सर्र. टक, सर्र.

पावलं माझ्या बाजूनं गेली. वारा नाही, सावली नाही, फक्त पावलं. दाराशी थांबली. मी बघत होतो. कडी आपली आपण बाजूला सरकली. दार उघडलं नाही. जरा वेळ गेला. कोणी काहीतरी आठवत उभं राहावं एवढा वेळ. मग कडी परत जागेवर आली, आणि टक, सर्र करत पावलं आत गेली.

मी उठून आत गेलो. जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची बाहेर ओढलेली होती. ती मीच सकाळी आत सारली होती.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळ होईपर्यंत भीती गेली आणि मी दुसऱ्या दिवशीच्या घंटेची वाट बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मतदान नव्हतं. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली, मी ओरडलो, आणि पुन्हा तेच. दारापर्यंत जाणं, कडी, थांबणं, कडी, परत. मी काही वेडा झालो नव्हतो. ताट एकच वाढत होतो. पण जेवताना तिच्या खुर्चीकडे बघून चार शब्द बोलत होतो. एकदा मुलीचा फोन चालू राहिला होता.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

"मशीनशी. दोरा तोडतंय."

ती दारापर्यंत जाऊन परत का येते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. येते एवढं मला पुरत होतं.

मग एका दुपारी खडीसाहेब आले. उजवा हात खिशात. मी चहा ठेवायला उठलो तर म्हणाले, "चहा राहू दे, दाजी. आधी हे बघा." त्यांनी मनगट टेबलावर ठेवलं. त्यावर दोन बोटांचे ठसे होते, पांढुरके. घट्ट धरून नुकतंच सोडलं तर उमटतात तसे. मी बघत राहिलो, पण ते पुसट होईनात.

"पहिल्या मतदानाला उठायला गेलो," ते म्हणाले, "तर कोणीतरी मनगट धरून खाली बसवलं. शेजारी कोणी नव्हतं. पोरं हसली, म्हणे साहेबांचे गुडघे गेले. पुढच्या मतदानाला तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. माझे गुडघे धड आहेत. आत्ता तुमचा जिना चढून आलो."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. तो म्हणाला, घड्याळाचा पट्टा सैल करा."

"मग?"

"मी घड्याळ घालत नाही, दाजी."

आम्ही दोघंही हसलो. आणि तेवढ्यात घंटा वाजली. खडीसाहेब जागचे हलले नाहीत. "मी जाऊन काय उपयोग? बसवतातच." मला गप्प राहायचं होतं, पण इतक्या वर्षांची सवय.

"वाजली गं!"

आत खुर्ची सरकली. खडीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. पावलं आली, आमच्या दोघांच्या मधून गेली, दाराशी थांबली. कडी सरकली. खडीसाहेबांचं मनगट टेबलावर दाबल्यासारखं झालं, बोटं ताठ झाली. मग कडी परत लागली, पावलं आत गेली, आणि त्यांचा हात सैल पडला.

मग ते अगदी हळू म्हणाले, "जोडीत आहेत बाई. अजून."

तेव्हा मला कळलं. मी येईपर्यंत, असं ती म्हणाली होती. ती आली नव्हती. तिनं शब्द दिला होता म्हणून ती मत द्यायला जात नव्हती, आणि त्यांनी शब्द दिला होता म्हणून ती त्यांना जाऊ देत नव्हती.

"उद्या कुंपणाचं विधेयक मतदानाला आहे," खडीसाहेब म्हणाले. तिच्या पक्षातल्या एका नव्या बाईनं ते पुन्हा मांडलं होतं, हे मला माहीत होतं. "मतं अगदी काठावर आहेत. मला बाजूनं मत द्यायचंय."

"तुम्हाला?"

"हसा. बाईही हसल्या असत्या." त्यांनी मनगट चोळलं. "त्या गेल्यावर वाटलं, आपल्या एका जुन्या खाणीला तरी कुंपण घालू. श्रद्धांजली म्हणा. माणसं घेऊन गेलो. काठावर लहान मुलांच्या चपला. ओळीनं मांडून ठेवलेल्या, शाळेबाहेर ठेवतात तशा. आणि पाण्यावर कोणी नाही. एक तरंग नाही. दाजी, मी तिथे उभा राहिलो. मग एक डोकं वर आलं. मग दुसरं. बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो, असा खेळ चालला होता त्यांचा. सगळी वर आली, चपला घालून पळाली. एक जोड राहिला. त्याचा मालक येईना."

"मग?"

"झुडपामागे बसला होता, पोट बिघडलं म्हणून. पण तो उठून येईपर्यंत माझं काय झालं, ते मला विचारू नका. आणि ती खाण माझी होती."

मी चहा केला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"तुम्ही सांगा त्यांना, मला सोडायला."

"तुम्हीच सांगा."

"सांगितलं की. बाकाखाली वाकून पुटपुटत होतो, अध्यक्षांनी विचारलं काय हरवलं. बाईंनी माझं कधी ऐकलंय? तुमच्या शब्दावर त्या उठतात. आत्ता बघितलं मी."

मी विचारलं, "सोडायला तिला तिथे यावं लागेल ना?"

"हो."

"आणि तिथे आली तर?"

त्यांनी हात परत खिशात घातला. "मी येईपर्यंत, म्हणाल्या होत्या. आल्या की जोडी संपली. मग त्यांना थांबायला कारण काय, दाजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मशीनवर बसलो. शिवत काही नव्हतो, चिंधीवर नुसती टीप घालत होतो. मनाशी ठरवलं होतं की ओरडायचं नाही. आयुष्यभर ती घंटेवर मला सोडून गेली, मी कधी तक्रार केली नाही. आता कुठे ती दारापासून माघारी येत होती. कायदा या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी होईल. इतकी वर्षं पडला, आणखी एकदा पडेल.

दुपारी घंटा वाजली. मी पाय थांबवला नाही. मशीन चालवत राहिलो, जोरात. घंटा वाजतच होती. महत्त्वाचं मतदान असलं की जास्त वेळ वाजवतात.

आत खुर्ची सरकली, सावकाश. टक, सर्र. पावलं आली आणि दाराकडे गेली नाहीत. माझ्या खुर्चीमागे येऊन थांबली.

आवाज काहीच आला नाही. पण ती काय विचारत होती, ते मला माहीत होतं. समोर सुई वरखाली होत होती. दोनच शब्द बोलायचे होते, "नाही गं." ती परत गेली असती, तिच्या खुर्चीत बसली असती. उद्याही, परवाही.

तिला माझ्याशिवाय कोणाचे कान नव्हते. घंटेच्या बाबतीत मी तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून तर ती विचारायला माझ्याकडे आली होती. आणि त्या चपला काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात.

मी पाय थांबवला. मागे वळलो नाही, वळलो असतो तर बोलता आलं नसतं.

"वाजली गं," मी म्हटलं. "कुंपणाचं मतदान आहे. खडीसाहेब तुझ्या बाजूचे झालेत, हसू नकोस. त्यांना सोड. पळ, दार बंद होईल."

मग खुंटीवरचं जाकीट हललं. टकसर्र, टकसर्र, पावलं किती भरभर गेली! तरुणपणी जायची तशी. कडी सरकली. आणि या वेळी दार उघडलं, सताड. बाहेरच्या बोळातून पावलं गेली, जिन्यावरून उतरली, ऐकू येईनाशी झाली. घंटा थांबली.

मी कडीकडे बघत बसलो. दार उघडंच राहिलं. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं तरी मी तिथेच होतो.

संध्याकाळी खडीसाहेब आले. उंबऱ्यातच थबकले. "दार उघडं टाकून बसलात?"

"असू दे."

ते बसले. मनगट पुढे केलं. ठसे नव्हते. "झालं मंजूर. थोडक्यात, पण झालं. माझा पक्ष उद्या मला हाकलतोय."

"आली होती?"

"बाकावर बसलो होतो. दारं बंद व्हायची वेळ आली, म्हटलं संपलं. तेवढ्यात मनगटावर टिचकी बसली. ही अशी. लागली सुद्धा." "उठलो, धावलो. लॉबीच्या दारात बाई नेहमी मला कोपरानं मागे ढकलून पुढे घुसायच्या ना, तसाच बरगडीत कोपर बसला. दाराशी मोजणारा माणूस असतो. त्यानं माझ्याआधी एकदा बोट हलवलं. मग इकडेतिकडे बघितलं, मान हलवली आणि आकडा खोडला."

मला एकच विचारायचं होतं. "मागे वळून बघितलं का तिनं?"

खडीसाहेबांनी बाही मनगटावर ओढून घेतली. मग म्हणाले, "दाजी, मत द्यायला जाताना बाईंनी कधी मागे बघितलंय का?"

मी चहा केला. या वेळी ते प्यायले. अर्धा कप झाला असेल, घंटा वाजली. आणखी कुठलं तरी मतदान. आम्ही दोघांनीही आतल्या खोलीकडे बघितलं. तिची खुर्ची दुपारी जिथे सरकली होती तिथेच होती.

खडीसाहेब तसेच बसून होते. चाळीस वर्षं आमदारकी केलेला माणूस, पण आज कोणी सांगितल्याशिवाय त्यांना उठवेना.

"वाजली, खडीसाहेब," मी म्हटलं. "पळा."

ते उठले, कप तसाच टाकून उघड्या दारातून गेले. मी कान देऊन ऐकत राहिलो. बोळातून, जिन्यावरून, अगदी खाली रस्त्यापर्यंत. एकाच माणसाची पावलं होती.